स्क्रिप्टने फक्त सिलेक्ट करावं, हात लावू नये

कोड आणि फाइल्स लिहायच्या एडिटरमध्ये मजकूर सिलेक्ट करायला स्क्रिप्ट लिहिते असं कुणाला सांगितलं की समोरचा आधी विचारतो, का गं, माउस बिघडलाय का? आणि मग लगेच दुसरा प्रश्न, की स्क्रिप्ट लिहायचीच आहे तर सरळ मजकूर बदलूनच टाक ना, नुसतं सिलेक्ट करून थांबायचं कशाला? या दुसऱ्या प्रश्नासाठी हे सगळं लिहितेय. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे, स्क्रिप्टने शोधावं, निळं करून दाखवावं आणि बाजूला व्हावं, बदल माझ्या हाताने होईल. निदान मराठी मजकूर असलेल्या फाइल्समध्ये तरी मला दुसरा कुठलाही मार्ग पटत नाही.

काम काय आहे ते सांगते. आमच्याकडे लोकलच्या माहितीचं एक ॲप आहे, त्यात स्टेशनांची नावं, फलाटांच्या सूचना, गाडी कुठे बदलायची वगैरे सगळं मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत, जेसन फाइल्समध्ये, आणि अँड्रॉइडच्या बाजूला एक्सएमएलमध्ये. आता मुंबईत स्टेशनांची नावं बदलत असतात हे काही नवीन नाही. व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं, २०१७ मध्ये त्याचं सीएसएमटी झालं, २०१८ च्या जुलैत एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं, आणि २०२४ च्या जुलैमध्ये विधिमंडळात आणखी सात स्टेशनांच्या नावांचा ठराव मंजूर झाला, त्यात करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, कॉटन ग्रीनचं काळाचौकी, डॉकयार्ड रोडचं माझगाव असं बरंच काही आहे. ठराव झाला म्हणजे पाटी बदलली असं नसतं, पुढे केंद्राची मंजुरी लागते, पण आम्हाला फाइल्स तयार ठेवायला लागतात, आणि तयार ठेवायचं म्हणजे आधी हे बघायचं की जुनं नाव कुठे कुठे बसलंय.

टीममधला एक मुलगा, नवीनच आहे, हुशार आहे, मला म्हणाला, "अगं ताई, फाइंड-रिप्लेस मार ना, दोन मिनिटं." दोन मिनिटं खरंच लागतात. पण करी रोड हे नाव व्हॅल्यूमध्ये, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या मजकुरात आहे, तसंच कीमध्येही, म्हणजे ॲप ज्या आतल्या नावाने तो मजकूर ओळखतं त्यातही आहे, आणि ही की बदलली की लोकांनी फेव्हरिटमध्ये ठेवलेलं स्टेशन गायब, कारण ते त्या कीवर बांधलेलं असतं. बरं, तेवढंच असतं तर रेजेक्सने, म्हणजे मजकुराचा साचा सांगून शोधायच्या पद्धतीने, की सोडून व्हॅल्यूच धरता येते, ते काही अवघड नाही. खरा लोचा मराठीत आहे.

आपण "परळ" नुसतं लिहीतच नाही. परळला उतरा, परळहून सुटणारी, परळच्या पुलावरून, असं शब्दाला काहीतरी चिकटलेलं असतंच. परळ तरी बरं, ते आपलं रूप बदलत नाही. भायखळा बघा, भायखळ्याला, भायखळ्याहून. कुर्ला, कुर्ल्याला. वांद्रे, वांद्र्याच्या. ठाणे, ठाण्याकडे. सामान्यरूप झालं की मूळ नाव त्या शब्दात अख्खं सापडतच नाही, म्हणजे "भायखळा" शोधणारी स्क्रिप्ट भायखळ्याच्या निम्म्या वाक्यांना बघतच नाही, आणि ती बघत नाहीये हे तुम्हाला कळतही नाही, कारण रिप्लेस झालं की खाली आकडा येतो, एवढे बदल केले, आणि माणूस खूश. उलट्या बाजूने, बदलून आलेल्या नव्या नावाचंही सामान्यरूप होतं, ते कोण करणार? करी रोडच्या जागी लालबाग हे सोपं जाईल, लालबागला, लालबागच्या, सगळं बसतं. पण आकारान्त किंवा एकारान्त नाव आलं की "ठाणेला" छाप मराठी स्क्रीनवर जाते आणि मग लोक स्क्रीनशॉट काढून पाठवतात. त्यात चुकीचं काही नाही, मीही पाठवला असता.

म्हणून स्क्रिप्टचं काम एवढंच, की "भायखळ" पर्यंतचा भाग धरायचा, त्याला जे काही चिकटलंय ते शब्द संपेपर्यंत घ्यायचं, आणि तो आख्खा शब्द सिलेक्ट करायचा, सगळीकडे एकदम. मग मी एकेक बघते. नको असेल तर सोडते. सगळे सारखे असतील तर एकदाच टाइप करते, सगळीकडे उमटतं. यात वेळ जातो? थोडा जातो. पण तो वेळ बघण्यात जातो, शोधण्यात नाही.

आता प्रत्यक्ष कसं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये हे करायला छोटं एक्स्टेंशन लिहायला लागतं, घाबरायचं कारण नाही, पन्नासेक ओळींचं जावास्क्रिप्ट असतं. एडिटर म्हणून जो ऑब्जेक्ट हातात येतो त्याला सिलेक्शन्स नावाची एक यादी असते. त्या यादीत नवीन सिलेक्शन ढकलायचं नाही, अख्खी नवीन यादी बनवून एका झटक्यात तिथे ठेवायची, तरच एडिटर दखल घेतो. डॉक्युमेंटचा सगळा मजकूर एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एका सलग तुकड्यात घ्यायचा, त्यावर सगळ्या जुळणाऱ्या जागा शोधणारं मॅचऑल चालवायचं, प्रत्येक मॅचची सुरुवात आणि शेवट हे नुसते आकडे असतात, फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेले, त्यांना पोझिशनॲट या फंक्शनमधून काढलं की ओळ आणि ओळीतली जागा मिळते, दोन्ही शून्यापासून मोजलेले. दोन जागा मिळाल्या की एक सिलेक्शन. पहिलं जे असेल ते मुख्य, स्क्रीन तिथे सरकवायला रिव्हीलरेंज. झालं.

व्हॅल्यूमधलाच भाग हवा असेल तर पूर्वी लोक मॅचची लांबी मोजून कसरत करायचे, की एवढी अक्षरं, कोलन, स्पेस, कोट, मग तिथून पुढे. आता गरज नाही, २०२२ च्या जावास्क्रिप्टमध्ये रेजेक्सला डी नावाचा फ्लॅग आलाय, तो लावला की मॅचमधल्या प्रत्येक ग्रुपची, म्हणजे पॅटर्नमध्ये कंसात टाकलेल्या भागाची, सुरुवात आणि शेवट वेगळी मिळते. की पहिल्या ग्रुपमध्ये, व्हॅल्यू दुसऱ्यात, मी फक्त दुसऱ्याचे आकडे घेते. हा फ्लॅग फार जणांना माहीतच नाही असं मला दिसलंय, आणि सिलेक्शनच्या कामात याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

एक गोष्ट सुरुवातीला सगळ्यांच्याच नजरेतून सुटते. सिलेक्शनला दिशा असते. व्हीएस कोडमध्ये एका टोकाला अँकर म्हणतात, ते जागचं हलत नाही, दुसऱ्या टोकाला ॲक्टिव्ह, तिथे कर्सर लुकलुकतो. सब्लाइम टेक्स्टमध्ये रीजन असतो, त्याची दोन टोकं ए आणि बी, कर्सर बी वर, आणि ए हा बी पेक्षा मोठा असू शकतो, म्हणून तिथे बिगिन आणि एंड वेगळे दिलेत. ईमॅक्समध्ये हेच मार्क आणि पॉइंट, आणि ही कल्पना तिथे फार जुनी आहे. आता हे महत्त्वाचं का, तर स्क्रिप्टने सिलेक्ट केल्यावर तुम्ही शिफ्ट धरून बाण दाबला की ॲक्टिव्ह टोक हलतं. मराठीत मला नेहमी शेवटचं टोक हलवायचं असतं, कारण प्रत्यय शेवटी असतात, "भायखळ्याच्या" मधलं "च्या" सोडायचंय, तर शेवटून मागे यायचं. स्क्रिप्टने दिशा उलटी लावली असेल तर शेवटाऐवजी सुरुवातीचं टोक मागे सरकतं, शब्दाच्या आधीचं अक्षर आत येतं, आणि तेही सिलेक्ट झालेल्या सगळ्या ठिकाणी एकदम. त्यामुळे माझी स्क्रिप्ट असलेलं सिलेक्शन मोठं किंवा लहान करत असेल तर आधीची दिशा जपते.

आता मोजणीकडे येऊ, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

"चिंचपोकळी" घ्या. डोळ्याला पाच अक्षरं, चिं, च, पो, क, ळी. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, नऊ, कारण वेलांट्या, अनुस्वार, ओकार सगळे वेगळे धरतात. ती चिन्हं फाइलमध्ये साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं म्हणजे सत्तावीस. आता तुमचा एडिटर यातलं काय मोजतो ते तुम्हाला माहीत पाहिजे. नोटपॅड प्लस प्लसच्या पोटात सिंटिला नावाचा एडिटरचा गाभा आहे, तो बाइट मोजतो. व्हिमचा कॉलम पण बाइटचाच, चिन्हं मोजायची असतील तर चारकॉल नावाचं फंक्शन नंतर दिलंय. व्हीएस कोड, सब्लाइम, ईमॅक्स इथे नऊ मिळतात. म्हणजे एकाच शब्दाची लांबी दोन एडिटरांत तिप्पट वेगळी, आणि पायथनमध्ये मोजलेले आकडे तसेच्या तसे सिंटिलाला दिले की सिलेक्शन फाइलभर घसरत जातं, वर थोडं, खाली जास्त, कारण प्रत्येक मराठी शब्दागणिक फरक साठत जातो. इंग्रजी फाइलवर टेस्ट केलं तर हे कधीच दिसत नाही. बग मराठीतच दिसतो म्हणून मग लोक म्हणतात मराठीत प्रॉब्लेम येतो बाबा.

व्हीएस कोडचं नऊ हेही देवनागरीच्या नशिबाने आहे, तो यूटीएफ-१६ चे तुकडे मोजतो आणि देवनागरी त्यात एकेका तुकड्यात मावते. हसऱ्या तोंडाचा इमोजी मावत नाही, तो व्हीएस कोडला दोन आणि सब्लाइमला एक. एडिटर आणि कोड समजून घेणारा सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्येही हेच यूटीएफ-१६ घुसलं होतं, २०२२ च्या ३.१७ आवृत्तीत शेवटी एडिटर आणि सर्व्हरला आपसात ठरवायची सोय आली की कशात मोजायचं ते.

पण नऊ मिळाले म्हणून काम झालं असं नाही. नऊमधल्या कुठल्याही दोन चिन्हांच्या मधे सिलेक्शन थांबू शकतं. आमच्याकडे मजकूर तपासायला एक बाई येतात, निवृत्त शिक्षिका आहेत, दादरला राहतात, त्यांनी एकदा माझ्या स्क्रीनकडे बघून विचारलं, "अगं, ही वेलांटी शब्दातून बाहेर काढलीस की काय?" "नाही बाई, स्क्रिप्ट 'च' या अक्षरावर थांबलीये, वेलांटी पुढच्यात गेली." "मग थांबायला दुसरी जागा नाही का त्याला?" दुसरी जागा आहे. युनिकोडने ग्राफीम क्लस्टर म्हणून जे ठरवलंय ते म्हणजे साधारण आपलं अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर आहे, त्याला भाषा मराठी आणि तुकडा ग्राफीम सांगितलं की तो अक्षरांच्या हद्दी देतो, आणि माझी स्क्रिप्ट सिलेक्शनची दोन्ही टोकं जवळच्या हद्दीवर नेऊन बसवते.

यातही एक गंमत आहे. "कुर्ला" हा शब्द जुन्या नियमाने तीन तुकड्यांत पडायचा, कु, र्, ला. म्हणजे सिलेक्शन र् वर थांबू शकायचं, आणि रफार तर दिसतो ला च्या डोक्यावर, मग निळा पट्टा नक्की कुठे काढायचा? प्रत्येक एडिटर आपापल्या समजुतीने काढायचा. २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये नियम बदलला आणि देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांमधलं जोडाक्षर आता एकच तुकडा धरलं जातं, कुर्ला म्हणजे कु आणि र्ला, दोन. हे खूप उशिरा झालं असं माझं मत आहे. तुमच्या एडिटरच्या आतलं इंजिन जुनं असेल तर जुनाच नियम चालतो, त्यामुळे माझ्या टेस्टमध्ये कुर्ला हा शब्द कायमचा बसलाय, सोबत सँडहर्स्ट रोड, कारण त्यात र्स्ट आहे आणि ते कुणालाही फोडून काढतं.

रेजेक्सची कथा आणखी वैतागवाणी. जावास्क्रिप्टमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर, बस. देवनागरी त्याच्या हिशेबात शब्दच नाही. साहजिकच बॅकस्लॅश बी, शब्दाची हद्द, तीही लागत नाही, दोन्ही बाजूंना बी लावून परळ शोधा, स्पेसच्या मधे उभं असलेलं परळ सापडत नाही. पायथनमध्ये वाटतं की बरं आहे, तिथे डब्ल्यूला देवनागरी अक्षरं कळतात. पण मात्रा कळत नाहीत! पायथनच्या नेहमीच्या रेजेक्स मॉड्यूलला काना, वेलांटी, उकार ही शब्दाबाहेरची चिन्हं वाटतात. म्हणजे त्याच्या दृष्टीने "परळी" या शब्दात ळ नंतर शब्द संपला, आणि मग दोन्ही बाजूंना हद्द लावून परळ शोधलं की परळी वैजनाथमधलं परळ सापडतं. बीड जिल्ह्यातलं स्टेशन थेट मध्य मुंबईत आणून ठेवलं. रिप्लेस असतं तर गेलं होतं, सिलेक्शन होतं म्हणून डोळ्यांना दिसलं की वेलांटी एकटीच उघडी पडलीये.

इलाज सोपा आहे, शब्द म्हणजे काय ते आपण सांगायचं. जावास्क्रिप्टमध्ये यू फ्लॅग लावून, युनिकोडचा अक्षर हा वर्ग आणि चिन्ह हा वर्ग, म्हणजे एल आणि एम, दोन्ही एकत्र. नुसतं एल लावणारे बरेच बघितलेत, त्यांना प्रत्येक मात्रेवर शब्द तुटून मिळतो. आणि एवढ्यावरही भागत नाही, झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह, तो ना एल मध्ये ना एम मध्ये, तो वेगळा घालावा लागतो.

तो कशाला लागतो? "दुसऱ्या फलाटावर" साठी. हे "ऱ्या" लिहायचे दोन प्रकार आमच्या फाइल्समध्ये मला मिळाले. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह, त्याचा पाय मोडून पुढे या. दुसऱ्यात साधा र, पाय मोडलेला, मग अदृश्य जॉइनर, मग या. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, एकाने शोधलं की दुसरा सापडत नाही. कीबोर्डागणिक फरक आहे, कोण कशावर टाइप करतं त्यावर अवलंबून. काहींना वाटतं नॉर्मलाइज केलं, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं एकसारखं करून घेतलं, की झालं, युनिकोडची त्यासाठीची एनएफसी पद्धत लावा. एनएफसी र आणि नुक्ता वेगळे असतील तर जोडून ऱ करतं, ते ठीक, पण जॉइनरवाल्याला हातही लावत नाही. आणि त्याहून मोठी कटकट, नॉर्मलाइज केलेल्या मजकुराची लांबी बदलते, मग त्यात सापडलेले आकडे मूळ फाइलला लागू होत नाहीत. म्हणून मी मजकुराला हात न लावता पॅटर्नच दोन्ही प्रकार घेणारा बनवते. शोधायच्या शब्दात ऱ् दिसला की स्क्रिप्ट त्या जागी "हे किंवा ते" घालते. भयंकर दिसतो तो पॅटर्न, पण तो मला वाचायचा नाहीये.

ही "आधी सिलेक्ट, मग काम" पद्धत काही मी शोधलेली नाही, उलट फार जुनी आहे. बेल लॅब्समध्ये रॉब पाइक यांनी सॅम नावाचा एडिटर केला, १९८७ मध्ये त्यांनी स्ट्रक्चरल रेग्युलर एक्स्प्रेशन्सवर एक छोटा निबंधही लिहिला. त्यातली तक्रार अशी, की युनिक्सची हत्यारं ओळ ओळ करून चालतात, पण खऱ्या जगातला मजकूर ओळीत मावतोच असं नाही. सॅममध्ये चालू सिलेक्शनला डॉट म्हणतात. एक्स हा हुकूम डॉटमध्ये पॅटर्न शोधतो आणि प्रत्येक मॅचला नवा डॉट बनवून पुढचा हुकूम चालवतो. जी म्हणजे डॉटमध्ये हा पॅटर्न असेल तरच पुढे जा, व्ही म्हणजे नसेल तरच. हे एकमेकांना जोडता येतात, म्हणजे आधी एक्सएमएलमधले सगळे स्ट्रिंग टॅग, त्यातले ज्यांच्यात एल्फिन्स्टन आहे ते, त्यातून ज्यांच्यात "पूर्वीचे" हा शब्द आहे ते वगळून. बघा, अँड्रॉइडच्या एक्सएमएलमध्ये एक सूचना तीन-चार ओळींवर पसरलेली असते, ग्रेप या ओळीओळीने शोधणाऱ्या युनिक्सच्या हत्याराला ती कळत नाही, सॅमच्या विचाराला कळते. आणि "पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड" असं मुद्दाम लिहिलेलं बदलायचं नसतंच, अजूनही कितीतरी माणसं ते एल्फिन्स्टनच म्हणतात, त्यांना शोधता आलं पाहिजे.

माझ्या स्क्रिप्ट मी याच धर्तीवर तोडल्यात. एक नवीन सिलेक्शन बनवते, एक आहेत त्यातले पॅटर्न असलेले ठेवते, एक पॅटर्न असलेले टाकते, एक आहे त्या सिलेक्शनच्या आतच शोधते. प्रत्येकीला कीबोर्डवरची एक की. चाळणीवर चाळणी लावत जायचं आणि दर वेळी स्क्रीनकडे बघायचं. काकून आणि हेलिक्स हे एडिटर तर उभेच या कल्पनेवर आहेत, तिथे आधी सिलेक्शन होतं आणि मग क्रिया. हेलिक्स मी घरी वापरते, ऑफिसात सगळे व्हीएस कोडवर म्हणून तिथे व्हीएस कोड. व्हिमवाल्यांना एकाच वेळी अनेक सिलेक्शन मिळत नाहीत पण त्यांच्याकडे जीएन आहे, शोधलेल्यातलं पुढचं सिलेक्ट करतो. सी, जी, एन दाबून एकदा बदल करायचा, मग टिंब दाबलं की पुढच्यात तोच बदल, नको असेल तर एन दाबून सोडायचं. मला वाटतं एकेक बघून बदलायला याहून चांगलं काही कुणी केलेलं नाही, आणि स्क्रिप्टचीही गरज नाही.

सब्लाइमचंही एक सांगितलंच पाहिजे, कारण स्क्रिप्टिंग शिकायचं असेल तर तिथेच शिका. कन्सोल उघडायचं आणि पायथन टाइप करायचं, लगेच समोरच्या फाइलवर चालतं, एक्स्टेंशन पॅक करा, विंडो पुन्हा उघडा, काही नाही. व्ह्यू डॉट सेल म्हणजे चालू सिलेक्शन, क्लिअर करून ॲडऑल केलं की नवी. आणि फाइंड बाय सिलेक्टर नावाचं एक फंक्शन आहे, त्याला रंगवणीचं स्कोप नाव द्यायचं, म्हणजे डबल कोटमधल्या स्ट्रिंग, किंवा कॉमेंट, आणि ते सगळे तुकडे हातात. एडिटरने रंग द्यायला आधीच सगळं ओळखलेलं असतं, मग आपण पुन्हा रेजेक्सने कोट कशाला मोजायचे, त्यातले बॅकस्लॅश कशाला सांभाळायचे? फक्त सिलेक्शनवर लूप चालू असताना त्याच सिलेक्शनमध्ये भर घालू नका, आधी यादीत कॉपी करून घ्या.

रचनेबद्दल थोडं. शोधणारा भाग मी एडिटरपासून पूर्ण तोडलाय. एक फंक्शन, आत मजकूर जातो, बाहेर आकड्यांच्या जोड्या येतात. त्याला व्हीएस कोड म्हणजे काय माहीत नाही. त्यामुळे टेस्ट लिहिणं एकदम सोपं, एडिटर उघडायलाच नको, चिंचपोकळी, कुर्ला, परळी, दोन्ही प्रकारचं दुसऱ्या, लोअर परळ, सगळे शब्द एका फाइलमध्ये आणि अपेक्षित जोड्या शेजारी. बाहेर आलेल्या जोड्या क्रमाने लावायच्या, एकमेकींवर चढलेल्या असतील तर एकत्र करायच्या, रिकाम्या फेकायच्या. व्हीएस कोड चढलेली सिलेक्शन स्वतःच एकत्र करतो पण त्याच्या भरवशावर राहिलं की मोजलेला आकडा आणि दिसणारा आकडा जुळत नाही. आणि तिथे एकावेळी जास्तीत जास्त दहा हजार कर्सरची मर्यादा आहे, सेटिंगमध्ये बदलता येते. दहा हजार जागा कोण डोळ्याने बघणार आहे म्हणा, तेवढे आले तर पॅटर्नच चुकलाय.

जोड्या नंतर वापरायला साठवून ठेवू नका. मधे एक अक्षर जरी टाइप केलं तरी खालच्या सगळ्या सरकतात. साठवायच्याच असतील तर एडिटरला सांगा, तो मजकुराबरोबर त्या हलवतो, ईमॅक्समध्ये मार्कर आहेत, निओव्हिममध्ये एक्स्टमार्क, सब्लाइममध्ये ॲडरीजन्स. आणि कधी खरंच स्क्रिप्टनेच स्ट्रिंगमध्ये बदल करायची वेळ आली, येते कधी कधी, तर शेवटाकडून सुरुवातीकडे या, म्हणजे मागे केलेल्या बदलाने पुढच्या जागा हलत नाहीत.

आमच्या त्या नवीन मुलाने मधे विचारलं, की ट्री-सिटर वापर ना, ते तर अख्खं कोडचं झाडच देतं, फंक्शन, आर्ग्युमेंट, सगळं नावासकट. बरोबर आहे त्याचं, कोडसाठी मीही तेच वापरते, निओव्हिम आणि हेलिक्समध्ये एकेक पायरी वर चढत सिलेक्शन मोठं करायला त्याला तोड नाही. व्हीएस कोडमध्ये शिफ्ट-ऑल्ट-उजवा बाण साधारण हेच करतो, आणि रनकमांड्स वापरून कीबाइंडिंगच्या फाइलमध्येच दोन-तीन हुकूम एकापुढे एक लावता येतात, स्क्रिप्ट न लिहिता. पण झाडाला जेसनमधली व्हॅल्यू ही एक स्ट्रिंग एवढंच कळतं, तिच्या आत "ठाण्याकडे जाणारी" मधलं ठाणं त्याला दिसत नाही. माझं निम्मं काम त्या स्ट्रिंगच्या आत आहे. सध्या सामान्यरूपांची एक यादी हाताने करतेय, प्रत्येक स्टेशनाचं मूळ रूप आणि पुढे प्रत्यय लागताना होणारं रूप, मध्य आणि हार्बर झालं, पश्चिमचं वसई रोडपर्यंत आलंय. बाई तपासून देतात. नालासोपाऱ्यात तो ऱ्या पुन्हा आलाच.